नखुरडं

पहिल्यांदा आली तेव्हा ओगुलगेरेक हसत होती.
"फणीचा ठोका बसला," म्हणाली,
आणि उजव्या हाताची तर्जनी पुढे केली,
दुकानदाराला खोटं नाणं परत करावं तशी.

पेर सुजलेलं. नखाच्या कडेला चकाकी.
नखुरडं, मी म्हटलं.
या आरोग्यघरात बावीस वर्षं नखुरडीच बघत आलेय.
गोंबदच्या उत्तरेला, जिथे रस्ता संपतो आणि वारा सुरू होतो,
घरोघरी माग, मागापाशी एक तरी ठेचलेलं बोट.
कोमट मिठाचं पाणी, सात दिवसांच्या गोळ्या,
पट्टी.

सात दिवसांनी तेच.
पुन्हा सात.
पेर आता मंजिष्ठेत बुडवलेल्या लोकरीसारखं,
आणि रात्री असा ठणका
की ती उठून समोवार पेटवायची.
उकळता चहा ओतला की थेट ओठांना.
आम्ही सगळे असाच पितो;
निवलेला चहा म्हणजे पाहुण्याला हाकलणं.
मीही बसले तिच्यासोबत, प्याले, जीभ पोळली,
विचारलं काहीच नाही.

काय विचारणार होते?
घास अडकतो का? नव्हता अडकत.
तंदुरातली भाकर, उंटिणीचं आंबट दूध, ईदचं मटण,
सगळं बिनबोभाट खाली जात होतं.
वजन उतरलं होतं थोडं,
पण रमजान नुकताच सरला होता,
आणि बाईच्या वजनाला इथे कोण वजन देतं?
तिच्या नावाचाच अर्थ: मुलगा हवा होता.

एक्स-रेच्या काचेवर बोटाचं टोक नव्हतं.
कसर लागलेल्या लोकरीसारखी
एक धूसर जागा होती फक्त.
डॉक्टर फरामर्ज चष्मा पुसत राहिले.
तुकडा गोरगानला गेला. अकरा दिवसांनी कागद आला:
या पेशी बोटाच्या नाहीत.
अन्ननलिकेच्या असाव्यात.

छाती कुठे, तर्जनी कुठे!
वाटेत यकृत होतं, फुप्फुसं होती,
मुक्कामाला मोठमोठी गावं.
ती सारी मागे टाकून
हा गेला हाताच्या शेवटच्या वस्तीवर,
जिथे चाळीस वर्षं मिनिटाला आठ गाठी पडत होत्या.
त्याचा याच्याशी संबंध नाही, डॉक्टर म्हणाले.
असं क्वचित होतं. का, ते सांगता येत नाही.

मग दुर्बीण आत गेली.
गाठ होती. एका भिंतीला टेकून,
येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत
दारात बसलेल्या सासूसारखी.

ओगुलगेरेकला मीच सांगितलं. माझाच आवंढा अडला.
ती तिच्या पट्टीकडे बघत म्हणाली,
"तोंडाने सांगायची सवय कुठे आहे मला?
बोट दाखवलं. तू त्याला पट्टी बांधलीस."
रागाने नाही. तेच वाईट.

टोक कापलं. ती मधल्या बोटाने गाठी मारायला शिकली.
गालिचा उलटा केला तर कळतं
हात कुठे बदलला,
आणि त्यापुढे वीतभर
सून जेरेनचा हात कुठे सुरू झाला.

आता कुणी ठेचलेलं बोट घेऊन आलं की विचारते,
गिळताना काही होतं का?
पोरी हसतात. बोट दुखतंय, मावशी, बोट.

घरी मी चहा निवू देते.
वर साय धरेपर्यंत.
नवरा विचारतो, कोण गेलं आज?