शेपटाकडून

देवगड बंदर, मच्छीमार सोसायटीची वरची खोली.
खाली बर्फ फोडतायत.
टेबलावर डिझेल परताव्याची यादी, दोनशे बारा ओळी:
होडीचं नाव, तांडेलाचं नाव, वाडी,
मधे आडव्या रेघा, कुठे दोन, कुठे पाच,
ज्याने जशा ओढल्या तशा,
आणि अगदी शेवटी नंबर.
ओरोसला फक्त तो नंबर हवाय. सोमवारच्या आत.

आई सांगायची, खवले काढायचे ते शेपटाकडून,
डोक्याकडून सुरी नुसती घसरते.
मी तसंच केलं. लिहिलं:

.*-(\d+)$

ठिपका म्हणजे काहीही. चांदणी म्हणजे कितीही.
दोघं मिळून हावरे.
ओळीत शिरतात ते थेट टोकापर्यंत,
नाव, वाडी, रेघा, आकडे, सगळं पोटात घेऊन,
आणि पुढे खायला काही उरलं नाही
की एकेक अक्षर ओकत मागे येतात
शेवटची रेघ सापडेपर्यंत.
हे कळायला मला कॉलेजात दोन वर्षं लागली.
बाबांना लगेच कळलं असतं:
जाळं आधी सगळं सोडतात, मग ओढतात.

चहा घेऊन आलेला बाबल्या स्क्रीनकडे बघत राहिला.
"हो डॉलर खंयचो गो? कोळंबी भायर गेली काय?"
म्हटलं, डॉलर नव्हे रे, तो खुंटा.
इथे ओळ संपते. ह्याच्या पुढे काही नाही.
"नाय कसा? फुडे दर्यो आसा."

बटण दाबलं. दोनशे अकरा.
पुन्हा दाबलं. दोनशे अकरा.

राहिली होती एकशे अडतिसावी:
दिर्बाप्रसाद-भिवा खवळे-आनंदवाडी-११४७
रेघ होती. आकडे होते. मोजले, चारही होते.
मग कर्सर टोकाला नेला,
तर तो साताला चिकटेना,
बोटभर लांबच उभा राहिला, लुकलुकत.
मधे एक मोकळी जागा.
कुणीतरी मुद्दाम मारलेली,
नुसत्या डोळ्यांना न दिसणारी.

यादी पूर्वी अंकुशकाका कोयंडे ठेवायचे.
आता धक्क्यावर बसून जाळी तुणतात.
खाली जाऊन विचारलं.

"होडी भायर गेली की फुडे एक जागा मोकळी सोडूची, बाय.
परत इली की पुसूची.
तेवा तुमचा ता पोर्टल-बिर्टल खंय होता."
सुई थांबली नाही. मानही वर झाली नाही.
"खवळ्याची तेवढी रवली."

किती वर्षं, ते मी विचारलं नाही.
बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं.

वर येऊन खुर्चीत बसले.
खुंट्याच्या अलीकडे एवढंच घालायचं होतं: \s*
म्हणजे, मोकळी जागा असली तर असो,
नसली तर नसो, दहा असल्या तरी हरकत नाही,
आकडा तेवढा दे.
दोन खुणा आणि एक चांदणी.
बोटं टेकवलीही होती.

सोमवारी फोन आला.
तारी मॅडम, तुमच्याकडची एक कमी भरतेय.
होय, म्हटलं.
एक अजून बाहेर आहे.