चौथा बोल्ट

समुद्र इथून दीडशे किलोमीटर,
मधे अख्खा घाट.
तरी गेल्या मंगळवारी
खडकवासल्याच्या आमच्या शेडमध्ये
एका जहाजाचं पोट आलं,
कागदावर, चार घड्या घालून.

मी सुतार. धरणाच्या सांडव्यांचे नमुने करण्यात
एकतीस वर्षं गेली, जहाज कधी केलं नव्हतं.
तळाची जाळी, तिच्यामागची झडप, आठ बोल्ट,
सगळं खऱ्या मापाचं.
रंधा मारला, पॉलिश पेपर दोनदा.
हात फिरवला तर बाळाचा गाल.

पाणबुडे तिघं आले.
चीफ तांडेलनी डोळे मिटून लाकूड चाचपलं,
म्हणाले, "मिस्त्री, हे फार गुळगुळीत झालं.
आमच्या जहाजाचे एवढे लाड कोण करतं?"
मग खडी चाळली, फेव्हिकॉल ओतला,
कालवांच्या जागी मुठेची वाळू बसली.
माझं पॉलिश मीच झाकलं.

बंदराच्या पाण्यात म्हणे
स्वतःचा पंजाही दिसत नाही.
म्हणून डोळ्यांवर पट्टी, हातात जाड मोजे,
तिघं आळीपाळीनं फरशीवर उताणे,
आणि माझं लाकूड त्यांच्यावर टांगलेलं.
"पंपाची किल्ली कोणाकडे?"
"माझ्या खिशात."
दर वेळी हाच प्रश्न, हेच उत्तर.
तिसऱ्या दिवशी मला कळलं
की वर कोणी चुकून बटण दाबलं
तर खालचा माणूस जाळीला चिकटेल.
त्यानंतर मीही माझा खिसा चाचपायला लागलो.

चौथा बोल्ट फासळीच्या आड.
बिश्नोईचा उजवा हात तिथं पोचेना.
बाडमेरचा पोरगा,
सतराव्या वर्षापर्यंत टाक्याबाहेर पाणी पाहिलेलं नाही.
घामाघूम. पाना निसटतो, खणकतो, पुन्हा निसटतो.
मी चहा घेऊन उभा होतो. राहवलं नाही.
"डावा हात घाल. अंगठा खाली. पाना आखूड घे.
कपाटाच्या आतला स्क्रू आम्ही असाच काढतो."
कोणी काही बोललं नाही.
बोल्ट मात्र फिरला.
कुरियाकोस साहेबांनी कागदावर लिहिलं:
क्र. ४, डावा हात, आखूड पाना.
आणि पुढे, बारीक अक्षरात, मिस्त्री.

रविवारी गेले. कुठलं जहाज, कुठलं बंदर,
त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
चार घड्या पुन्हा जशाच्या तशा पडल्या.

काल रात्री वीज गेली.
अंधारात माझा डावा हात आपोआप वर गेला,
अंगठा खाली.
बायको म्हणाली, "काय शोधताय?"
म्हटलं, "झोप तू.
जरा अडलाय."