पाचर

रात्रीचे अडीच. एल आल्तोची रक्तपेढी.
जागे दोघंच, फ्रिज आणि मी.
चार हजार शंभर मीटर उंची. इथे काडी ओढली
तर ज्योतसुद्धा पेटावं की नाही याचा आधी विचार करते.

सखल भागातून आलेला नवा डॉक्टर
जिन्यावर धापा टाकत म्हणाला,
"बासिलिया, हवा कुठाय तुमच्याकडे?"
म्हटलं, आहे तेवढीच आहे. दोन दिवस थांबा,
तुमचं रक्त शिकेल.
"काय, जास्त धरायला?"
नाही. सोडायला.

त्या तांबड्या रेणूत चार खोल्या,
खोलीगणिक लोखंडाचा एक कण.
पहिला प्राणवायू दार ठोठावून थकतो.
तो शिरला की भिंती जराशा कलतात,
दुसऱ्याला त्रास कमी, तिसऱ्याला त्याहून कमी,
चौथा तर चपलांसकट आत.
आणि घर भरलं की रेणू होतो कवडीचुंबक:
पोटात लोखंड, हातून काही सुटत नाही.

मग सोडवतं कोण?
दाराशी कोणी नाही. कडीलाही कोणी हात लावत नाही.
लोखंडापासून लांब, मधल्या चौकात,
एक खोबण असते.
साखर जळताना आडवाटेला घडलेला
दोन फॉस्फेटांचा एक किरकोळ तुकडा
तिथे येऊन बसतो, पाचरीसारखा.
प्राणवायूशी त्याची ओळखदेख नाही.
पाचर बसते चौकात,
मुठी सैल होतात टोकाच्या खोल्यांत.

उंचावर या पाचरी वाढतात.
लामाचं खातं वेगळं. तिच्या रक्तात पाचर नीट बसतच नाही,
ती घट्ट धरते आणि वर थुंकते.
आपण माणसं. आपल्याला हात सैल करावा लागतो.

पण पिशवीतल्या थंडीत पाचरी झिजतात,
दोन आठवड्यांत जवळपास संपतात.
चौतीस दिवसांची पिशवी:
लाल, टम्म, तारखेत बसणारी,
आणि चिकट. दोन्ही अर्थांनी.

अडीचलाच खालून मागणी आली.
दारिया उस्कामायता, वय एकोणीस, बाळ झालंय,
रक्त थांबत नाही. गट ओ. इथे बहुतेकांचा ओच.
पिशव्या दोन.
फ्रिजच्या दारावर साहेबांच्या अक्षरात नियम: जुनं आधी.
पुस्तकंही म्हणतात, फारसा फरक पडत नाही,
मोठमोठ्या चाचण्या झाल्यात.
माझा हात पुढच्या कप्प्याकडे गेलाही होता.

संध्याकाळी फाउस्तिनोचा निरोप आला होता.
साओ पाउलोतल्या शिवणाच्या कारखान्यातून,
नऊ वर्षांनी, अकरा सेकंदांचा:
"आईचं मशीन वापरतेस ना? सुई डावीकडे कलते.
खाली कागदाची घडी घाल."
बस. त्यात रक्ताचं काही नव्हतं,
माफीचंही नव्हतं.
कुठे जाऊन बसला तो निरोप, कोण जाणे.
हाताला तर त्याचा स्पर्शही नव्हता.
पण हात वळला,
मागच्या कप्प्यातून पाच दिवसांच्या दोन काढल्या.

बाळाचं म्हणाल तर त्याच्या रक्तात
ही पाचर अजून ढिली बसते,
म्हणून तर नऊ महिने आईकडून ओढून घेता आलं त्याला.
मोठं झाल्यावर शिकेल.

वहीत "कारण" असा एक अरुंद रकाना आहे.
पेन बराच वेळ टेकवून ठेवलं.
मग लिहिलं: दुसरीकडे.
सकाळी साहेब विचारतील. विचारू देत.

साडेपाचला फोन: अजून दोन पाठवा.
मागचा कप्पा रिकामा.
चौतीस दिवसांच्याच पाठवल्या. चिकट तर चिकट.
दारियाला दोन दिवस मिळाले
तर शिकतील त्याही.

उजाडता उजाडता फाउस्तिनोला उत्तर टाकलं:
घडी घातली. तरी कलतेच.