पंधरावा पडदा

खोकं आलं तेव्हा बाहेर उणे एकवीस.
कुरियरचा पोरगा म्हणाला, लगेच उघडू नका,
लाकडाला आधी घरात येऊ दे.
म्हणून रात्रभर ते सोफ्यावर आडवं,
अंगातला कोट न काढलेल्या पाहुण्यासारखं.

केमीच्या बंदरात मी क्रेन चालवते.
वीस टनांचा कंटेनर
जहाजाच्या पोटात अंडं ठेवावं तसा ठेवते.
आणि ही साडेतीन किलोंची वस्तू
सकाळी मांडीवर घेतली तर ऐकेचना.
बारीक तार खाचेत नाचतेय,
जाड तार खाचेबाहेर अर्धी लोंबकळतेय,
पहिल्या पडद्यावर दाबावी तर बोटावर वळ.
मधेच खर्रर्र,
डब्यातले खिळे कुणी हलवावेत तसं.
व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की अ‍ॅम्पमधून मासे तळल्याचा आवाज.

जाहिरातीत होतं : उत्तम स्थितीत. फारशी वाजवलेली नाही.

फारशी वाजवलेली नाही!
पहिल्या तीन पडद्यांवर तर खळगे पडलेत,
दगडी पायरीच्या मधोमध पडतात तसे.
एकशे नव्वद युरो.
फसले, हे मी मांजरालाही सांगितलं नाही.

रेइयो कागद गिरणीत फिटर होता.
ती बंद पडल्यापासून तळघरात बसून
शिलाई यंत्रं, गिटारी, येईल ते दुरुस्त करतो.
त्यानं ती दिव्याखाली धरली,
एक डोळा मिटून मानेवरून नजर सोडली,
आणि काही न बोलता कॉफी ओतली.
माझा कप संपत आला तेव्हा
नटावर, म्हणजे तारा जिथून निघतात त्या पट्टीवर,
नख टेकवून म्हणाला,
"खाचा उलट्या आहेत, वुओक्को.
रुंद खाच इथं, जिथं तुझी बारीक तार आहे.
आणि कोपरानं खाल्लेला हा रंग बघ,
खालच्या कडेला.
डावखुऱ्याची आहे ही.
विकायची म्हणून कुणीतरी नुसत्या तारा उजव्या केल्या."

गिटार बिघडलेली नव्हती तर.
तिला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

तरी विकणाऱ्या बाईंना फोन लावला,
कंबर कसून, पैसे परत मागायला.
औलिक्की, कोत्का. आवाज सत्तरीच्या पुढचा.
"इलारीची ती," म्हणाल्या. "माझ्या मुलाची."
मी तयार ठेवलेली वाक्यं गिळली.
त्यांना ते ऐकू आलं असावं.
"मेला नाही हो! पर्थला असतो, वेल्डर आहे.
फोन करत नाही, एवढंच.
दुकानातला मुलगा म्हणाला, तारा फिरवून देतो, पटकन जाईल.
का, काही बिघडलंय का?"
मी म्हटलं, नाही. प्रवासात थंडी बाधलीय जराशी.

रेइयोनं हाडाचा तुकडा घासून नवा नट केला.
मानेतला रॉड पाव फेरा पिळला,
एक दिवस थांबला, मग आणखी थोडा.
बटणात कसलासा फवारा मारला,
तळणी थांबली.
जुना नट काडेपेटीत घालून दिला मला.
औलिक्कीबाईंना पाठवायचा म्हणून
खिडकीत ठेवलाय. मार्च आला.

आता सुरात लागते.
पण खळगे तेच आहेत, आरशात पाहिल्यासारखे :
इलारी जिथं खर्जाची तार दाबायचा
तिथं माझी सगळ्यात बारीक तार खड्ड्यात उतरते
आणि किंचित कण्हते.
त्याला तीनच कॉर्ड येत असाव्यात.
मला दोन येतात.

पंधराव्या पडद्यावर अजून कुरकुर आहे.
रेइयो म्हणतो, सगळे पडदे घासून काढावे लागतील,
ऐंशी युरो, आणि खळगेही जातील.
मी म्हटलं, राहू दे.
पंधराव्यापर्यंत माझा हात पोचायला
अजून दोनतीन हिवाळे आहेत.