आठ पेट्या

त्या नोव्हेंबरात भाताची कापणी उरकली होती,
नदीकाठच्या बांधांवर नुसते खुंट,
आणि बाबा रोज दिवेलागणीला
चुलीतली राख अंगणात पसरून माझ्यापुढे बसायचा.
मी अकरा वर्षांची. हातात करंगळीएवढी काटकी.

राष्ट्राध्यक्षाची पेटी कोणती, ते ओळखायचं.
एवढंच काम.
साउथ कॅरोलायनानं कायदा केला होता :
पदागणिक वेगळी पेटी, वेगळी चिठ्ठी,
भलत्या पेटीत पडली की बाद.
मधेच कुणी पेट्यांची जागा बदलली
तर तोही कायदाच.
त्यात आमच्या रंगाचं नाव कुठेही नव्हतं.

"हे पहिलं अक्षर," मी सांगायचे,
"खांद्यावर गाठोडं घेतलेला माणूस.
आणि शेवटचं म्हणजे खांबावर आडवा वासा,
आपल्या चर्चच्या छपराला आहे तसा.
मधली सात नुसती मोज.
आईची मुलं सात, गेलेली दोन धरून."

बाबा मोजायचा.
खाचरातल्या पाण्यानं फाटलेलं बोट
राखेत माणूस उभा करायचं,
पण गाठोडं कधी कधी डावीकडे जायचं.
"उलटा झाला!" मी ओरडायचे.
"कुठल्याही खांद्यावर ओझं ते ओझंच, डॉर्कस,"
म्हणायचा, आणि पुसून पुन्हा काढायचा.

मंगळवारी पहाटेच निघाला. नऊ मैल.
टोबायस प्युरीच्या दुकानामागची खोली,
मिठाच्या गोण्या, आठ पेट्या,
दाराशी बंदूक पुसत बसलेला प्युरीचा मेव्हणा.
हे सगळं नंतर रेंटीकाकानं सांगितलं.
बाबा परतला तो बोललाच नाही.
बूटही काढले नाहीत.
राखेकडे बघत बसला,
मग म्हणाला,
"पोरी, अक्षरं एकमेकांचा हात धरूनही चालतात का गं?"

मला आधी कळलंच नाही.
मी त्याला बाळबोध शिकवलं होतं,
पुस्तकातलं, सुटं, ताठ उभं.
पेट्यांवर कुणीतरी मोडी लिहावी तसं
हात न उचलता, लपेटे मारत लिहिलं होतं.
गाठोडेवाला आठांपैकी एकीवरही नव्हता.
आडवे वासे होते, पण तीन पेट्यांवर.
"मग?"
"मागून कुणी म्हणालं, आटप म्हाताऱ्या.
मी एकीत टाकली."

राज्याचा आकडा आला, तो सगळ्यांना आधीच ठाऊक होता.
त्यात बाबाची चिठ्ठी होती की नव्हती,
की कुठल्याशा शेरीफच्या पेटीत
ती चुकलेल्या पाहुण्यासारखी पडून राहिली,
कोण सांगणार.

पण त्या रात्री त्यानं विचारलेलं तेवढंच होतं,
आणि मी म्हटलं, "हो, चालतात."
तसं लिहिलेलं
मलाही वाचता येत नव्हतं.
मी काटकी शोधायला उठले.
राख गार झाली होती.
पाठीमागे बाबा बुटाच्या नाड्या सोडत होता.