उलट दिशा

बारा ट्रॅक लिहिलेत खोक्यावर.
सम्यकने मोजले, खरे सातच.
तीन तेच, उलटे धावायचे,
दोन तेच, रात्रीचे.
"फसवलं नं वं आई,"
वरणात बोट फिरवत म्हणाला.

मी काय बोलू.
सतरा वर्षं गाडी शिकवते,
रेशीमबाग ते मानेवाडा चौक, आणि परत;
मग आरटीओतला तो आठचा आकडा,
चुन्याने आखलेला.
मेमध्ये डांबर चाकाला चिकटतं.
शिकणारी बाई रोज नव्याच जागी घाबरते,
काल तर उभ्या गाईला हॉर्न देऊन
स्वतःच दचकली.
हे त्याला सांगितलं नाही.
म्हणाला असता, झालं सुरू तुझं.

तो झोपल्यावर
मीच घेतला रिमोट हातात.
बर्फाचा ट्रॅक.
पहिल्याच वळणावर गाडी फिरवली.
उलट दिशा, उलट दिशा,
पडदा लाल लुकलुकत राहिला.
कुंपणाच्या एका फटीतून घुसवली आत.
पलीकडे रस्ता नाही, बर्फही नाही,
नुसता करडा रंग,
कुणी तरी काम अर्धं टाकून
घरी गेल्यासारखा.
इंजिन मात्र तसंच गुरगुरत होतं.

आणि माझा पाय,
सवयीने,
माझ्या बाजूचा ब्रेक शोधत होता
सतरंजीवर.