कोन शे?

चाळीसगाव मागं टाकून सातमाळ्याकडे निघालं
की घाट चढण्याआधी डाव्या हाताला
कान कापल्या बैलासारखा एक बसका डोंगर दिसतो.
नकाशात नुसता उंचीचा आकडा.
आम्ही सालवण्या म्हणतो.

खिंड त्याच्या काखेत.
खाली खानदेश, वर मोगलाई.
मोगलाई जाऊन पाऊणशे वर्षं झाली,
तरी आमच्याकडे पोरगी घाटावर दिली
की मोगलाईतच दिलेली असते.

आधी कुणीतरी टाकं खोदलं.
राजानं नव्हे, राजे नंतर येतात.
छिन्नीचे घाव अजून बोटानं मोजता येतात.
ईशान्येच्या कोपऱ्यात ते तिरपे होत गेलेत,
तिथं हात दमला असेल
किंवा माणूस बदलला असेल.

मग तट, मग दरवाजा, मग दरवाजावर फारसी लेख.
पाचोऱ्याच्या एका मौलवींनी उन्हात उभं राहून वाचला:
सुलतानाचं नाव पावसानं खाल्लंय,
'बांधला' एवढंच उरलंय.

घनघोर लढाया झाल्या, असं शाळेत सांगतात.
अकरा वर्षं मी इथं रोजंदारीवर चौकीदार,
तटावर गोळा लागल्याची एक खूण सापडली नाही.
सालवण्या कधी पडला नाही.
दर वेळी दिला गेला.
थकलेल्या पगारापोटी.
कुणाच्या तरी जामिनापोटी.
एकदा, दामाबाबा सांगायचा,
सात मण बाजरी आणि किल्लेदाराच्या पोरीच्या लग्नापोटी.

नवा धनी यायचा, तोफ फिरवायचा.
उत्तरेची दक्षिणेला.
पुढचा यायचा, दक्षिणेची उत्तरेला.
बुरुजावरच्या कातळात तिच्या गाड्याची
अर्धगोल चरी पडली आहे.
आमचा इतिहास मला तेवढाच धड वाचता येतो.

धनी बदलले, पहारा भिल्लांचाच.
रात्री खिंडीत पाऊल वाजलं
की वरून एकच सवाल:
कोन शे?
मीठ असायचं, अफू असायची,
पळून आलेलं जोडपं असायचं,
काखेत कागद लपवलेला हरकारा असायचा.
खालून उत्तर यायचं: मी शे.
'मी' म्हणजे कोण, हे आवाजावरून ठरायचं.
काहींना वाट मिळायची,
काहींचं पुढं काय झालं, दामाबाबा सांगत नसे,
चिलीम झटकायचा.

मग गोरा साहेब आला,
तोही न लढता.
गड मारायचा तर त्याचं पाणी मारावं,
एवढं त्याला कुणीतरी शिकवलं होतं.
सुरुंगाची दारू वर चढवायला मजूर लागले,
ते पहाऱ्यावरचेच घेतले.
दामाबाबाचा खापरपणजा, रुमा नाईक,
दोन आणे रोजानं
आपल्याच पायऱ्या उडवायची दारू डोक्यावर घेऊन चढला.
पायऱ्या गेल्या. दरवाजाची कमान गेली.
तीन टाकी फुटली,
पाणी उतारावरून खाली गेलं
आणि म्हणे त्या वर्षी करवंदं गोड झाली.

साहेबानं विचारलं: आणखी आहे का?
रुमा म्हणाला: नाही, साहेब.

चौथं टाकं मला दामाबाबानं दाखवलं,
मरायच्या आदल्या उन्हाळ्यात,
घाणेरीच्या जाळीतून रांगत नेऊन.
तिरपे घाव तिथलेच, ज्यांच्याबद्दल वर बोललो.
वैशाखातही कमरेएवढं पाणी,
दात शिवशिवतील इतकं गार.

दरसाल खात्याचा फॉर्म येतो:
एकूण टाकी किती?
मी लिहितो, तीन. भग्न.
सही करतो.
साहेब बदलतात, अक्षर माझंच.

परवा घाट तुंबला, रात्रभर.
दोन वळणांवर ट्रेलर आडवा,
मागं लाल दिव्यांची रांग पार पायथ्यापर्यंत.
दीडच्या सुमाराला खडीवर चप्पल सरकली,
टॉर्चचा उजेड झुडपांत चाचपडत वर आला.
माझ्या तोंडून निघून गेलं:
कोन शे?

त्याला अहिराणी कळत नव्हती, मराठीही.
गाडी कुठली तरी लांबची, नंबरप्लेट ओळखीची नव्हती.
त्यानं नुसता रिकामा कॅन उचलून हलवला.
बायको गाडीत, असं काहीतरी हातानं दाखवलं,
आणि पोटाशी तळहात धरला, एवढा.

मी म्हटलं, इथंच थांब.
टॉर्च बंद कर.
कॅन दे.